सबमर्सिबलचा स्टार्टिंग कंडेन्सर सारखा फुटतोय? नवा बसवण्याआधी हे तपासा

सात महिन्यांत तीन कंडेन्सर गेले. सांगोला तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका डाळिंबवाल्या तात्यांनी तिसरा फुटलेला डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्यो तिसरा हाय. आता तरी बरा द्या."

बरा दिला असता तर चौथाही फुटला असता. पहिले दोन काही वाईट नव्हते. मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसून मला रोज दिसतं ते हे, की कंडेन्सर बदलला जातो आणि तो का गेला हे कुणी विचारत नाही. म्हणून हा प्रकार मुळापासून लिहितो. घरी किंवा शेतावर सिंगल फेजची, तीन वायरींची सबमर्सिबल आणि कंडेन्सरचं पॅनेल असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल. थ्री फेजची मोटर दोन फेजवर कंडेन्सर टाकून चालवतात तो प्रकार निराळा, तो इथे घेत नाही.

आधी हात सांभाळा

एमसीबी पाडला, मेन काढला, म्हणजे पॅनेल मेलं असं समजू नका. कंडेन्सरनं धरलेला चार्ज मेन काढल्यानं जात नाही. दीडशे मायक्रोफॅरडचा (कंडेन्सर किती चार्ज धरतो त्याचं हे माप) स्टार्टिंग कंडेन्सर २३० व्होल्टच्या लहरीच्या टोकाला सुटला तर त्यावर ३२५ व्होल्ट अडकून राहतात. त्यातली ऊर्जा सुमारे ८ ज्यूल, म्हणजे एक किलोचं वजन ऐंशी सेंटिमीटरवरून पडावं तेवढी, आणि ती एका क्षणात बोटांतून जाते.

टेस्टर लावला, दिवा लागला नाही, म्हणून हात घातला, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. टेस्टरचा निऑन लागायला करंटला तुमच्या अंगातून जमिनीकडे वाट लागते. सुटा पडलेला कंडेन्सर जमिनीशी जोडलेला नसतो. त्याच्या दोन टोकांमध्ये ३२५ व्होल्ट असले तरी एका टोकाला लावलेला टेस्टर गप्पच राहतो. मीटर डीसीवर ठेवून दोन्ही टोकांवर लावा. डीसीवरच, कारण साठून राहिलेला चार्ज एसी नसतो.

तो उतरवायला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब होल्डरमध्ये घालून दोन वायरी काढून ठेवा. त्या कंडेन्सरच्या टोकांना दोन सेकंद टेकवा. बल्ब क्षणभर लुकलुकेल आणि काम झालं. पेचकसानं शॉर्ट करण्याची जुनी सवय सोडा. तसं केलं की पितळी पट्टीला खळगा पडतो, आतली जोडणी सैल होते, आणि ठिणगी डोळ्याकडे उडते ती वेगळीच.

कंडेन्सर तिथे करतो काय

मोटरीच्या आत दोन वाइंडिंग असतात, मेन आणि स्टार्टिंग. नुसत्या मेनला सिंगल फेज दिला की चुंबकाचा जोर एकाच रेषेत पुढे-मागे होतो. सायकलचं पायडल अगदी वर असताना त्यावर सरळ खाली दाब दिला तर चाक फिरत नाही, तशी रोटरची गत होते. मोटर घुं करत बसते आणि गरम होते. पायडल हलायला बाजूनं, थोडा आधी, दुसरा रेटा हवा. तो रेटा स्टार्टिंग वाइंडिंग देते, आणि तिचा करंट वेळेच्या आधी आणण्याचं काम कंडेन्सरचं.

हे जमतं त्याच्या साठवण्यामुळे. आत दोन धातूचे थर आणि मध्ये विजेला अडवणारा पातळ पडदा असतो. पडद्यातून वीज पार जात नाही, पण एका थरावर चार्ज जमला की समोरच्या थरावरून तेवढाच निघून जातो. व्होल्टेज चढताना तो भरतो, उतरताना रिकामा होतो, मग उलट्या दिशेनं भरतो. ५० हर्ट्झच्या लाइनवर हे भरणं-रिकामं होणं सेकंदाला शंभर वेळा चालतं. व्होल्टेज सर्वात वेगानं बदलत असतं तेव्हा कंडेन्सरचा करंट सर्वात जास्त असतो, आणि व्होल्टेज माथ्यावर पोचेपर्यंत तो शून्यावर आलेला असतो. म्हणजे करंट पुढे, व्होल्टेज मागे, अंतर जास्तीत जास्त पाव लहर. वेळेत सांगायचं तर सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्या फरकावर पायडल हलतं.

पॅनेलमध्ये दोन डबे असतात त्यामागेही कारण आहे. रनिंग कंडेन्सर मोटर चालू असेपर्यंत लाइनमध्ये राहतो. तो लहान, तात्यांच्या १ एचपीच्या पॅनेलला ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. आत धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्म असते, तिच्यात वीज फारशी वाया जात नाही, म्हणून तो तासन्‌तास टिकतो. स्टार्टिंगचा मोठा, त्या पॅनेलला १२० ते १५०, पण २७५ व्होल्टचा आणि दोन-तीन सेकंदांपुरता. त्यात ॲल्युमिनियमची पत्री, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि रसायनात भिजवलेला कागद असतो. थर पातळ म्हणून लहानशा डब्यात एवढी धारणा मावते, पण त्या बदल्यात उष्णता फार होते. १५० मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला जवळपास ११ अँपिअर जातात. त्यातले पाच टक्के वाया जातात असं धरलं तरी सव्वाशे वॅट. २५ वॅटची सोल्डर आयर्न घेतली तर तशा पाच आयर्न त्या मुठीएवढ्या काळ्या डब्यात कोंबल्यासारखं झालं. तीन सेकंद चालतं. तीस सेकंदांत आतलं रसायन उकळायला लागतं.

असे कंडेन्सर साधारण तासाला २० वेळा, दर वेळी ३ सेकंद, एवढ्या कामासाठी बनवलेले असतात. म्हणजे तासात एकूण एक मिनिट. स्टार्टिंगचा डबा फुटला असेल तर पहिला प्रश्न हाच: हा लाइनमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ का राहिला?

फुटलेला डबा फेकू नका

तो बरंच सांगतो. तात्यांच्या तिन्ही डब्यांची वरची झडप आतून फाटून बाहेर आली होती, तपकिरी ओला कागद लोंबत होता आणि जळक्या तेलासारखा वास येत होता. हा आतून शिजल्याचा पुरावा. वायरी जोडायची टोकं मात्र स्वच्छ होती. सैल जोडणीनं गेलेल्या कंडेन्सरची टोकं काळी पडतात, लग (वायर अडकवायची पट्टी) निळसर होतो आणि वायरीचं आवरण दोन इंच वितळलेलं असतं.

रनिंगचा डबा सहसा फुटत नाही, तो झिजतो. फिल्ममध्ये कमजोर जागी ठिणगी पडली की तिथला मुलामा वाफ होऊन उडतो आणि भोकाभोवतीची जागा आपोआप तुटून पडते. कंडेन्सर चालू राहतो, पण थर तेवढा कमी होतो. असं हजारो वेळा झालं की ३६ चा ३० होतो. रनिंगचा डबा वरून फुगलेला दिसला तर दाबानं आतली जोडणी तुटलेली असते. तो ठोकून सपाट करून परत बसवू नका.

तात्यांच्या बोरवर

पॅनेल उघडून आधी मी त्यांनाच मोटर चालू करायला लावली, नेहमी करतात तशी. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. मी मनात आकडे मोजत होतो. नवव्या आकड्याला आवाज बदलला, तेव्हा त्यांनी बोट काढलं. "लवकर सोडलं तर उचलत न्हाई," ते म्हणाले.

या पॅनेलमध्ये बटण दाबलेलं असेपर्यंत स्टार्टिंग कंडेन्सर लाइनमध्ये असतो. तीन सेकंदांचं काम नऊ सेकंद, तेही दिवसातून सात-आठ वेळा. त्यांची चूक नव्हती, कारण मोटर खरंच उचलत नव्हती.

मग मीटर लावला. घराजवळ, वीजमीटरपाशी, २२० व्होल्ट. बोरवरच्या पॅनेलला मोटर चालू असताना २०१. बटण दाबलेलं असताना १६२, आणि क्लॅम्पमीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) २२ अँपिअर. मोटरीचा उचलण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं बदलतो. १६२ भागिले २३०, त्याचा वर्ग केला की ०.५० च्या जवळ येतो. म्हणजे मोटर निम्म्या ताकदीनं अडीचशे फुटांवरून पाणी ढकलायला सुरुवात करत होती.

घर ते बोर १८० मीटर, आणि वायर २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची. अशा वायरीचा अडथळा किलोमीटरला सुमारे ७.४ ओम. जाण्या-येण्याची मिळून ३६० मीटर धरली तर २.७ ओमच्या आसपास. २२ अँपिअरला ५८ ते ६० व्होल्ट वायरीतच खर्च. हिशोब मीटरशी तंतोतंत जुळला तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कारण आता अंदाजानं काही बदलायचं उरलं नव्हतं. ६ स्क्वेअर एमएमची वायर घातली की अडथळा १.१ ओमवर येतो आणि सुरुवातीला पॅनेलवर १९० च्या वर व्होल्टेज मिळतं. जोर निम्म्यावरून सत्तर टक्क्यांवर.

मधल्या काळात कुणीतरी त्यांना "मोठा टाका, मोटर जोरात उचलेल" म्हणून १५० ते २०० चा कंडेन्सर बसवून दिला होता. तो तीन आठवडे टिकला. मोठा डबा करंट वाढवतो, करंट वाढला की बारीक वायरीत व्होल्टेज आणखी पडतं, आणि वाइंडिंग तापते ती वेगळी. पॅनेलवर जो आकडा छापलाय तोच बसवा. रनिंगच्या बाबतीत तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तो तासन्‌तास स्टार्टिंग वाइंडिंगला करंट पाजत असतो.

कुणी बघत नाही असा रेझिस्टर

वायर हे एक कारण झालं. दुसरं बटणाच्या मागे सापडलं, आणि माझ्या मते वारंवार फुटणाऱ्या कंडेन्सरांमध्ये हेच सर्वात जास्त दुर्लक्षित राहतं.

हिरवं बटण सोडल्यावर ते परत येताना किंचित अडखळत होतं. उघडून पाहिलं तर पॉइंटवर (बटण दाबलं की एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे ठिपके) मुरुमासारखे फुगवटे, काळे डाग आणि एके जागी तांबं वितळून दुसऱ्या बाजूला चिकटलेलं. एखाद्या वेळी ते पूर्ण चिकटलं की बटणावरून बोट निघतं, पण स्टार्टिंग कंडेन्सर लाइनमध्येच राहतो. मोटर व्यवस्थित चालू, पाणी व्यवस्थित पडतंय, माणूस बागेत गेलेला, आणि इकडे दहा मिनिटांत डबा फुटतो. तात्यांना आठवलं, दुसरा कंडेन्सर असाच, मोटर चालू असताना फटाक्यासारखा वाजून गेला होता.

पॉइंट वितळतात कशानं? बटण सुटतं त्या क्षणी स्टार्टिंग कंडेन्सर जेवढा भरलेला असेल तेवढाच भरलेला राहतो. त्याला रिकामं व्हायला वाटच नसते. रनिंगचं तसं नाही. मोटर बंद झाली की तो दोन्ही वाइंडिंगमधून लगेच उतरतो, कारण त्यांचा मिळून बंद फेरा तयार होतो. (मोटरीची केबल पॅनेलमधून काढली की मात्र तोही भरलेला राहू शकतो, हे विसरू नका.) पुढच्या वेळी बटण दाबलं की भरलेला स्टार्टिंग आणि रिकामा रनिंग असे दोन डबे पॉइंटमधून थेट एकमेकांना जोडले जातात. मध्ये वाइंडिंग नाही, अडथळा नाही. साठलेल्या चार्जचा काही भाग क्षणभरात शेकडो अँपिअरच्या झटक्यानं धावतो आणि पॉइंटवर वेल्डिंग होतं. बटण दाबताना पॅनेलमधून "टच्" असा कोरडा आवाज आणि निळी ठिणगी दिसत असेल तर हेच होतंय.

यावर उपाय काही रुपयांचा आहे. १५ किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर (करंटला अडथळा करणारा छोटा तुकडा, यातून चार्ज हळूहळू उतरतो) स्टार्टिंग कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये कायमचा जोडायचा. १५ किलोओम गुणिले १५० मायक्रोफॅरड म्हणजे सव्वादोन सेकंद. तेवढ्या वेळात चार्ज साधारण एकतृतीयांशावर येतो, आणि अकरा-बारा सेकंदांत एक टक्काही उरत नाही. काही कंडेन्सरांवर तो कारखान्यातूनच जोडून येतो. जुना डबा काढताना तो जुन्याबरोबरच फेकला जातो आणि नव्यावर कुणी लावत नाही. तात्यांच्या पहिल्या डब्याबरोबर अगदी हेच झालं असावं. त्यांच्या अडगळीच्या खोक्यात मूळचा कंडेन्सर सापडला, त्याच्या पायांना रेझिस्टर अजून चिकटून होता.

चिकटलेल्या पॉइंटला पॉलिश पेपर मारून भागत नाही. वरचा चांगला थर निघून जातो आणि ते आणखी लवकर जळतात. बटणाचा पॉइंट-ब्लॉक बदलावा. ज्या पॅनेलमध्ये बटणाऐवजी रिले (आपोआप चालणारा स्विच) स्टार्टिंगला बाहेर काढतो, तिथे रिलेचे पॉइंट असेच तपासा.

रनिंग किती उरलाय

मल्टिमीटरला मायक्रोफॅरडची रेंज असेल तर रिकामा केलेला, सुटा कंडेन्सर त्यावर मोजता येतो. पण मीटर काही व्होल्टवरच मोजतो, आणि चारशे व्होल्टवर गळणारा डबा तिथे साळसूद दिसू शकतो. म्हणून मी चालू मोटरीवर मोजतो. पॅनेल उघडं आणि जिवंत असताना हात घालायची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

क्लॅम्पमीटर रनिंगच्या एका वायरीभोवती, व्होल्टमीटर एसीवर त्याच कंडेन्सरच्या दोन टोकांवर. मग अँपिअर गुणिले ३१८३ भागिले व्होल्ट. येतील ते मायक्रोफॅरड. (दहा लाखांना २ गुणिले ३.१४१६ गुणिले ५० नं भागलं की ३१८३ येतात. ५० हर्ट्झच्या लाइनीलाच हा आकडा चालतो.) तात्यांकडे २.७ अँपिअर आणि २८८ व्होल्ट आले. हिशोब ३० च्या जवळ, डब्यावर ३६. एकषष्ठांश कंडेन्सर गेलेला. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट असेल तर मी बदलतो.

२०१ व्होल्टच्या लाइनीवर कंडेन्सरला २८८ कसे, असं तात्यांनी विचारलं. वाइंडिंग आणि कंडेन्सर एकामागे एक जोडले की त्यांची व्होल्टेजं एकमेकांच्या विरुद्ध जातात, त्यामुळे एकट्या कंडेन्सरवर लाइनीपेक्षा जास्त पडतं. म्हणूनच ४४० चा लागतो. पंख्याचा २५० चा डबा तात्पुरता म्हणून तिथे लावू नका. आणि स्टार्टिंगचा काळा डबा रनिंगच्या जागी तर कधीच नाही.

नवा घेताना डब्यावर व्होल्टच्या शेजारी एखादं अक्षर असतं ते वाचा. ए म्हणजे ३०,००० तासांचं अपेक्षित आयुष्य, बी १०,०००, सी ३,००० आणि डी १,०००. रोज आठ तास मोटर चालली तर सीचं आयुष्य वर्षभराचं आणि बीचं तीन वर्षांच्या पुढे. काही डब्यांवर ४०० व्होल्टला बी आणि ४५० ला सी असं दोन्ही छापलेलं असतं. व्होल्टेज वाढलं की आयुष्य किती घटतं ते तिथेच दिसतं. रात्री डीपीवरचा लोड उतरल्यावर २६० च्या वर जाणाऱ्या लाइनी आहेत. तशा गावात रात्री एकदा मीटर लावून बघाच. रात्रीचं व्होल्टेज घटकेत २७०, घटकेत १९० असं हेलकावत असेल तर न्यूट्रल सैल आहे. मोटर बंद ठेवा आणि लाइनमनला बोलवा.

बाकीची कारणं थोडक्यात. पॅनेल पत्र्याच्या भिंतीवर, पश्चिमेच्या उन्हात असेल तर हलवा किंवा वर छप्पर घाला, उष्णतेनं दोन्ही डबे लवकर जातात. बोरचं पाणी तुटत असेल आणि मोटर तासाला तीस-चाळीस वेळा चालू-बंद होत असेल तर स्टार्टिंग टिकणारच नाही, तिथे फ्लो कमी करा किंवा ड्राय रनचा कटऑफ (पाणी तुटलं की मोटर बंद करणारा) बसवा. गाळानं पंप जाम असेल तर १९० व्होल्ट मिळूनही मोटर उचलत नाही, आणि वायर बदलूनही बटण नऊ सेकंद धरावं लागलं तर मोटर वर काढायची वेळ आली आहे.

मोटर वर काढून परत सोडल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर वायरी अदलाबदल झाल्या का पाहा. रंगावर विसंबू नका. मेन बंद करून, तिन्ही वायरी पॅनेलमधून सोडवून, दोन-दोनमध्ये ओम मोजा. समजा ३, ५.५ आणि ८.५ आले. सर्वात मोठा आकडा ज्या दोन वायरींत आला, त्यांत नसलेली तिसरी वायर कॉमन. कॉमनपासून ३ ओम ती मेन, ५.५ ती स्टार्टिंग.

तात्यांकडे ६ एमएमची केबल, बटणाचा नवा ब्लॉक, ३६ चा बी वर्गाचा रनिंग, १२०–१५० चा स्टार्टिंग आणि त्यावर रेझिस्टर, एवढं काम झालं. मोटर आता दुसऱ्या आकड्याला उचलते. पहिले काही दिवस तात्यांचं बोट सवयीनं बटणावर तसंच राहायचं, मग त्यांच्या नातीनं "एक, दोन, सोडा आजोबा" असं म्हणायला सुरुवात केली. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मी मार्करनं तारीख आणि रनिंगचे मोजलेले मायक्रोफॅरड लिहून ठेवले आहेत, दर सहा महिन्यांनी एक ओळ. आत्तापर्यंत तीन झाल्या: ३५.८, ३५.६, ३५.५.